कचकड्याच्या मुठीचा चाकू आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून "डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे" असे सांगितले आहे व तसा दाखलाही जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही असे लिहिण्याची पद्धत आहे. दबाव आहे, आणि तो कलम दोनमध्ये लिहिला आहे. पूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत, असेही लिहितात. पूर्वीचे एकच आहे आणि ते माझ्या यजमानांचे आहे. ते रद्द करणे माझ्या हातात असते तर हा कागद एवढा लांबला नसता.

कलम १. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला द्यावी. तिला शिवण आवडत नाही. तिने मशीन विकून टाकावे, आईची आठवण म्हणून जपत बसू नये. या घरात जपणे पुष्कळ झाले. माळ्यावरची निळी सूटकेसही तिचीच. बहिणीकडे महिनाभर राहायला जायचे म्हणून मी ती घेतली होती. दुकानाची चिठ्ठी अजून तिच्या कडीला लटकते आहे.

कलम २. घराविषयी. यजमान दंतवैद्यांना कवळ्या करून देत. हात फार नाजूक होता. त्याच हातांनी त्यांनी जन्मभर जुने घडीचे चाकू जमवले: खलाशांचे, माळ्यांचे, बोरू तासायचे; शिंगाच्या, शिंपल्याच्या, हाडाच्या मुठींचे. पाते मिटताना होणाऱ्या आवाजावरून ते चाकूचे वय सांगत. कौतुक मलाही होते, नाही म्हटले तर खोटे होईल. महिन्याच्या महिन्याला त्यांवर तेलाचा हात मीच फिरवत असे, तोही हातमोजे घालून, कारण घामाच्या बोटांचे डाग पात्यावर उमटतात. माझ्या बोटांची एवढी काळजी कोणी घेतल्याचे आठवत नाही.

शेवटच्या आजारपणात त्यांनी सगळा संग्रह एका कपाटात ठेवला, हवा लागू नये म्हणून दारांना रबराची पट्टी मारून घेतली आणि किल्ली धाकट्या भावाकडे दिली. मृत्युपत्रात लिहिले की घर पत्नीने व तिच्यामागे मुलीने वापरावे; मात्र संग्रह जसाच्या तसा राहावा आणि घर एकही रात्र रिकामे राहू नये. यातले काहीही मोडले तर घर धाकट्या भावाचे.

बहीण वारली तेव्हा मी सकाळी गेले आणि दिवेलागणीच्या आत परत आले. भाऊजी, म्हणजे माझे हे दीर, रोज संध्याकाळी फेरी मारतात. "वहिनी, दिवा दिसला नाही म्हणून डोकावलो." मुलगी त्यांना पाठीमागे जेलरकाका म्हणते. माणूस वाईट नाही. भावाला दिलेला शब्द पाळतो आहे, एवढेच. वाईट असता तर मी कडाकडा भांडले तरी असते.

कलम ३. संग्रहातला एक चाकू नकली निघाला तेव्हा यजमानांनी तो कचऱ्यात टाकला होता. तो उचलून मी आजवर दोरे कापले. तो माझा आहे आणि मुलीला मिळावा. भाऊजींनी हक्क सांगू नये.

कलम ४. कचकड्याविषयी. काही मुठी कचकड्याच्या असतात, जुन्या बाहुल्या असत तशा. हा कचकडा म्हातारा झाला की कुजतो, त्याची वाफ सुटते आणि शेजारचे पोलाद खाऊन टाकते. म्हणून असले चाकू खिडकीपाशी, उघड्या ताटलीत, वेगळे ठेवायचे असतात. यजमानांना हे पक्के ठाऊक होते. पण तापात आवराआवर करताना त्यांनी आपला सर्वांत लाडका, कचकड्याच्या मुठीचा चाकू कपाटात मधोमध ठेवला. पुढे कपाटापाशी कापरासारखा वास येऊ लागला. मी भाऊजींना म्हटले, "एकदा उघडून बघा, आत काहीतरी कुजतंय." ते म्हणाले, "दादानं स्वतः बंद केलंय. मी हात लावणार नाही." पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. मग मी सांगणे सोडले.

कलम ५. (खोडले आहे. शेजारी माझी सही.) येथे लिहिले होते की कपाट माझ्या मृत्यूनंतर उघडावे. वासाचे ऐकून वकील म्हणाले होते, "तुमच्या हयातीत उघडलंत तर दीर म्हणतील, तुम्हीच अट मोडलीत. नंतर उघडलं तर दोष द्यायला तुम्ही नाही, आणि संग्रहच उरला नाही म्हटल्यावर अट कसली? घर मुलीला सुटेल." मी खुशीत होते. तेवढ्यात मुलीला बंदरावरच्या कारखान्यातून जहाजांचे नकाशे काढायच्या कामासाठी दुसऱ्यांदा बोलावणे आले, आणि भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "नाही म्हणून कळवलं त्यांना."

"अगं, का?"

"तू असेपर्यंत कशी जाऊ? रात्री घरात कोण?"

"मी आहे की."

"न्हाणीघरात चक्कर येऊन पडलीस तेव्हा दार कुणी तोडलं?"

"म्हणजे मी मरायची वाट बघत बसणार का तू?"

"आई, काहीतरीच बोलू नकोस," ती म्हणाली आणि तेच ताट पुन्हा पुसू लागली. तिचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, हे मला त्या दिवशी दिसले. माझी युक्ती यशस्वी व्हायला मी मरायला हवे होते, आणि मी काही इतक्यात मरत नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला.

कलम ६. आज भाऊजी साक्षीदार म्हणून येणार आहेत. किल्ली नेहमी कमरेला असते. सहीच्या आधी मी त्यांना कपाट उघडायला लावणार आहे. घर गेले तर जाऊ दे. मुलीने आज नकार मागे घेऊन होकार कळवावा, अशी माझी इच्छा नाही, हुकूम आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. आतले पाहिल्याशिवाय साक्षीदाराने सही करू नये, असे मी म्हटले, तेव्हा भाऊजींनी कपाट उघडले. लाडक्या चाकूच्या मुठीचा भुगा झाला होता. बाकीचे गंजून मिटल्या जागी घट्ट बसले होते. एकही पाते उघडेना. भाऊजी एकेक उचलून नखाने खटपट करत राहिले. मग खाली बसले आणि म्हणाले, "वहिनी, दादाला काय सांगू मी?" मला त्यांची दया आली. मी पाणी दिले.

पेला खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे अट मोडली. घर माझं झालं."

"झालं. आम्ही निघतो."

"आजच?"

"आजच. तिनं सूटकेस काढलीय."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मग रात्री इथं कोण झोपणार?" त्यांनी विचारले, आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिले.

त्यांनी सही केली नाही. त्यांच्या जागी दोरे-बटणांच्या दुकानदारांनी केली आहे.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार १ : समोरच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २ : दोरे-बटणांचे दुकानदार (सही)
दिनांक : चौदा मार्च
ठिकाण : राहते घर ("राहते" हा शब्द खोडला आहे. सही.)