योरिसच्या वाट्याला काही नाही

देवाच्या नावाने. मी, लीवेन व्हान हासडोंक, डेंडरवेल्ड गावच्या मोठ्या चर्चचा गायनप्रमुख, पाय सुजलेले पण डोके जागेवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता (माझे घर सांभाळणारी काटेलिने स्वयंपाकघरात आहे आणि दार लावलेले आहे) माझी शेवटची इच्छा सांगत आहे. नोटरी कोर्नेलिस बोने ती लिहून घेत आहेत. या खोलीत जे बोलले जाईल ते सगळे कागदावर यावे, अशी माझी अट आहे. नोटरींना ती पसंत नाही. तेही त्यांनी लिहिले आहे.

पहिले कलम. आत्मा देवाच्या हवाली. देह चर्चच्या उत्तरेच्या भिंतीशी पुरावा. दक्षिणेला ऑर्गन आहे आणि आमचे ऑर्गनवादक नेहमी अर्धी मात्रा मागे असतात. न्यायाच्या दिवसापर्यंत ते ऐकत पडण्याची माझी तयारी नाही.

दुसरे. कालव्याकाठचे घर, तांब्याची भांडी आणि कोंबड्या काटेलिनेच्या. मी इटलीहून परतलो तेव्हापासून हे घर तिने चालवले आहे. तिथल्या ड्यूकच्या दरबारात मी तरुणपणी गायचो आणि आमच्याआधी त्यांच्या ससाण्याला जेवण मिळायचे. तरी मी इटलीची तारीफ केली की ती म्हणते, "एवढं चांगलं होतं तिकडे, तर आलात कशाला, मास्तर?" उत्तर आजवर दिले नाही, आता देतो. हिरव्या पाल्यात शिजवलेल्या वाम माशासाठी आलो. तो तुझ्याइतका चांगला कोणी करत नाही, काटेलिने.

तिसरे. स्वर लिहिण्यासाठी एका ओढीत पाच रेघा मारणारी माझी लेखणी आणि स्वर लिहून पुसायची पाटी माझ्या जागी येणाऱ्या गायनप्रमुखाला. लेखणी कमी वापरावी, पुसायचे फडके जास्त.

चौथे. मी स्वरबद्ध केलेल्या सगळ्या मिस्सा, म्हणजे उपासनेची गाणी, चर्चला. प्रमुख पाद्रीबुवांची तक्रार आहे की चार आवाज चार शब्द एकदम गातात, त्यामुळे काही कळत नाही. त्यांच्या घरी सहा बहिणी जेवताना एकदम बोलतात, तेव्हा मात्र त्यांना सगळे कळते. त्यांना माझी लोकरीची उशी द्यावी, म्हणजे मिस्सा चालू असताना मान अवघडणार नाही.

त्यातली एक मिस्सा मी नावाड्यांच्या गाण्यावर बांधली. ते गाणे टेनरच्या, म्हणजे मधल्या पुरुषी आवाजाच्या, ओळीत इतके लांबवले, की पाद्रीबुवांच्या डोळ्यांत भक्तीचे पाणी आले. माझे वडील नावाडी. ते मागे उभे होते, त्यांनी चाल ओळखली आणि भर चर्चमध्ये मोठ्याने हसले. त्यांना बाहेर काढण्यात आले. तेवढी दाद मला पुन्हा कोणी दिली नाही.

पाचवे. योरिस डे वाख्तर याच्या वाट्याला काही नाही. घर नाही, भांडे नाही, कोंबडीचे पीसही नाही.

(साक्षीदार योरिस म्हणाले, "मागितलंय कोणी? तू बोलावलंस म्हणून आलो, सही करून जातो." नोटरी म्हणाले, "साक्षीदारांनी मध्ये बोलू नये." मी म्हणालो, "लिहा, लिहा.")

योरिस आणि मी लहानपणी याच चर्चमध्ये गायला शिकलो, एका पांघरुणात झोपलो. पुढे तो आमचा टेनर झाला. आमच्या धंद्यात एखाद्या वळणावर स्वर चढवायचा की नाही, हे कागदावर लिहीत नाहीत. जाणत्या गायकाने ते ओळखायचे असते. लिहिलेच तर त्या खुणेला आम्ही गाढवाची खूण म्हणतो. योरिस एका जागी मला नको असलेला स्वर चढवत राहिला. मी वर्षभर सांगितले. मग ईस्टरच्या सकाळी, सगळे एकाच मोठ्या पोथीभोवती उभे असताना, त्याच्या ओळीवर मी काढून ठेवलेली बोटाएवढी खूण त्याला सापडली.

("हाताएवढी होती ती!" योरिस म्हणाले. "पोरंसोरं हसली मला, लीवेन." मी म्हणालो, "आणि तू नदीपलीकडच्या मठात जाऊन नन्सच्या घंटेबरोबर गायला लागलास. घंटा तुझ्यापेक्षा बरी, ऐकते तरी.")

सहावे कलम, आणि खरे कलम हेच. मी जन्मभर माझे संगीत आतून ऐकले, हाताने ताल देत, कोण चुकतो ते बघत. बाहेर बसून एकदाही ऐकले नाही. मी केलेले शेवटचे प्रार्थनागीत योरिसच्या आवाजासाठी आहे. तो नाही म्हणून ती ओळ मीच गायलो आणि वाईट गायलो. वैद्य म्हणतात, नाताळ दिसणार नाही. मेल्यावर लोक गातीलच, पण तेव्हा मला काय उपयोग? मला ते जिवंतपणी, या खाटेवरून ऐकायचे आहे.

नोटरी म्हणाले होते, साक्षीदार दोन पुरतात. पण गीताला आवाज चार लागतात. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, तो साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणून, योरिस, तुझ्या वाट्याला काही नाही. घर दिले असते, तर तू घेतले नसतेस आणि आलाही नसतास. मला तू या खोलीत हवा होतास. खूप वर्षे हवा होतास, गाढवा.

चार पाने उशाशी आहेत. टेनरच्या पानावर खूण नाही. कुठेही नाही. तुला जसे वाटेल तसे गा.

(योरिस यांनी पान खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले. म्हणाले, "अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे." मग शेजारच्या साक्षीदाराला म्हणाले, "आड्रियान, सूर दे.")

साक्षीदार:
आड्रियान मूस, भट्टीवाला, उंच आवाज
पास्खिर लोडे, कंट्राटेनर, म्हणजे टेनरच्या वरचा आवाज
योरिस डे वाख्तर, टेनर
खेरार्ट हुईक, चांभार, खर्ज

मुक्काम डेंडरवेल्ड, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, १२ नोव्हेंबर, इसवी सन १५२१.

नोटरीची नोंद: वरील चौघांनी गीत पूर्ण गायले. काटेलिने दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. मधल्या वळणावर योरिस यांनी पूर्वीसारखाच स्वर चढवला. मृत्युपत्रकर्ते रडत होते. त्यांनी मला लिहायला सांगितले की स्वर चुकीचा आहे आणि तसाच ठेवावा. त्यांची सही वाकडी आली आहे. ती आजारामुळे वाकडी आहे असा अर्थ पुढे कोणी काढू नये. गीत संपले होते, पण त्यांचा हात अजून ताल देत होता.