हरणांची बाजरी

शनिवार, १ ऑगस्ट १९९८
पोचलो. दुबईपलीकडे, उम्म अल कुवैनच्या आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे. अरबाबने, म्हणजे मालकाने, वाळवंटाला कुंपण घालून हरणं सोडली आहेत आणि त्यांच्या चरण्यासाठी बाजरी पेरायला पुण्याहून कृषी पदवीधर आणलाय. आई म्हणाली, उपेंद्रला कुंडीतली तुळस जगवता येत नाही, तो वाळूत काय पिकवणार? बघू. सोबतीला वसईचा व्हर्नन आहे. गाडी, हिशेब, स्वयंपाक सगळं त्याच्याकडे. हात मिळवून म्हणाला, "आलास? खलास, आता तू पण इथलाच." पोर्टाकॅबिनचा एसी झकास आहे. अठरा सप्टेंबरला बायको मृणालिनी चार वर्षांच्या सृष्टीला घेऊन येईल. लेकीला हरणं दाखवायची आहेत.

मंगळवार, ४ ऑगस्ट
पेरणी उरकली. ठिबकचं पाणी थोडं खारट आहे, पण बाजरी चिवट. रोप धरेपर्यंत जाळी लावलीय. हरणं जाळीला नाक लावून उभी राहतात. आधी पोटोबा त्यांनाही कळतो.

मंगळवार, ८ सप्टेंबर
बाजरी मांडीपर्यंत आली. जाळी काढली. सकाळी सगळा कळप आत शिरला, पाडसंसुद्धा. मी वेड्यासारखा हसत उभा होतो.

शुक्रवार, ११ सप्टेंबर
आज वडिलांची, अण्णांची तिथी. भात शिजवला, बाजरीच्या कडेला पान वाढून ठेवलं. व्हर्नन म्हणाला, कावळे पाहिजेत तर बर दुबईला खाडीवर जा, इथे कुठले? तरी थांबलो. तासभर काही नाही. मग आपल्याकडे करतात तेच केलं, राहिलेली इच्छा पुरी करतो म्हणून शब्द दिला. अण्णा नातीचं तोंड न बघता गेले. मोठ्याने म्हणालो, "सृष्टीला आणतोय. इथेच तुमच्यापुढे उभी करतो." पाठ फिरवली. वळून पाहिलं तर पान चाटूनपुसून स्वच्छ. मला रडू आवरेना.
व्हर्ननने विचारलं, कुठला पक्षी होता? ओल्या मातीत एकही पाऊल नव्हतं.

रविवार, १३ सप्टेंबर
हरणं बाजरीत येत नाहीत. लांब उभी राहून तिकडे बघत राहतात. मधली बाजरी गोल दबली आहे, कुणी मांडी घालून जेवायला बसावं तशी.

सोमवार, १४ सप्टेंबर
दबलेल्या जागी पाडस मिळालं. जखम नाही, रक्त नाही. उचललं तर रिकाम्या पिशवीइतकं हलकं. आत काहीच नव्हतं. पुन्हा भात ठेवला. कुणी शिवलं नाही.

मंगळवार, १५ सप्टेंबर
भर दुपारी बाजरीतून आवाज आला — "सृष्टीला आणतोय." अण्णांचा नाही. माझा. माझाच आवाज, माझेच शब्द. मांडीएवढ्या बाजरीत लपायला जागा कुठे आहे? पानाला शिवलं ते अण्णा नव्हते. मी शब्द कुणाला दिला?

गुरुवार, १७ सप्टेंबर
घरी फोन लागत नाही. व्हर्ननला सगळं सांगितलं. हसला नाही, छातीवर क्रूस काढला. उद्या विमानतळावरून दोघींना परस्पर बर दुबईला त्याच्या बहिणीकडे ठेवेल. इकडे आणायचं नाही. तीनदा वदवून घेतलं. बाजरी नांगरून टाकायला गेलो — ट्रॅक्टरजवळून मागे फिरलो. आत कुणीतरी माझ्यासारखं हसत होतं.

शुक्रवार, १८
व्हर्ननचा आत्ताच मोबाईलवरून फोन. तू मघाशी सांगितलंस म्हणून थेट इकडेच आणतोय, म्हणाला. मी फोन केलाच नव्हता — बोलायच्या आत लाईन गेली. परत लागत नाही.

गेटाशी बसलोय. इथूनच वळवून पाठवीन. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय. वही सोडवत नाही.

धुरळा दिसतोय. पिकअप.

गेटाकडे येत नाही — कुंपणाला वळसा घालून बाजरीच्या बाजूच्या फाटकाकडे — मी ओरडतोय, व्हर्नन ऐकत नाही, तो तिकडे बघून हात हलवतोय — मृणालिनीसुद्धा

दार उघडलं. सृष्टी उतरली. मी इथे आहे, बाळा, मी इकडे — आणि तिकडून माझ्याच आवाजात, किती मायेने, "ये, अण्णा आजोबा वाट

ती धाव