फक्त पेटव

इंगोले सर, रामराम.

शाळेतल्या तुमच्या व्यसनमुक्तीच्या तासाले काही अर्थ नाही, असं पालकसभेत मीच तुमाले सुनावलं. पण त्याच तासापायी माह्या धीरजची बिडी तीन महिने सुटली होती.

मंग एक दिवस वांग्याले पाणी देताना माहे हात चिखलानं भरले होते. मी त्याले म्हटलं, "माह्या खिशातली बिडी काढ, पेटवून दे."

"बाबा, सरांनी नको सांगतलं."

"तुले ओढ म्हटलं काय? फक्त पेटव."

तोंडात धरून झुरका घेतल्याबिगर बिडी पेटत नाही, हे मले ठावं होतं.

हे पत्र धीरजच्या हाती कसं धाडू? आता तो न सांगताच बिडी पेटवून आणते. माह्या हातात येईस्तोवर ते अर्धी झाली असते. मी गुपचाप घेतो.

धीरजचा बाप,
गुलाबराव, इंझोरी