सीलबंद डबीचा प्लग वीतभर बाजूला लावून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
वीजपुरवठा कार्यालय,
पालो आमारियो.

विषय : श्रीमती योकास्ता एन्कार्नासिओन यांच्या घरातील आपल्या कार्यालयाच्या डबीचा प्लग शेजारच्या सॉकेटमध्ये लावून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचे दि. ३ जून, २१ जून व ८ जुलैचे अर्ज. २) तिन्ही अर्जांना आलेले आपले एकच उत्तर : "आपल्या गल्लीत वीजपुरवठा सुरळीत आहे."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, गल्ली क्रमांक चारच्या रहिवासी मंडळाचा सचिव या नात्याने, श्रीमती योकास्ता यांच्या वतीने सविनय सादर करतो की :

१. योकास्ता चौकातल्या पार्लरमध्ये कामाला जाते. घरी वडील, एलादिओ, वय एक्याऐंशी. गावच्या पंपघरावर त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली. आता त्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, आणि घराबाहेर पडले तर परतीची वाट सापडत नाही. म्हणून न्यूयॉर्कच्या भावाने तिला फाटकाचे विजेवरचे कुलूप, दाराचा सेन्सर, कॅमेरा आणि हे सगळे ज्या राउटरवर चालते त्यासाठी एक चांगली बॅटरी पाठवली. गल्लीतल्या बाकी इन्व्हर्टरांनी केव्हाच मान टाकली आहे. लाईट गेली तरी बाबा ओट्यावर आहेत की फाटकाशी, हे तिला गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता फोनवर कळते. त्याच्याच जिवावर ती कामाला जाते.

२. फेब्रुवारीत आपल्या कार्यालयाने प्रत्येक गल्लीत, इंटरनेट असलेल्या एका घरी, एक डबी बसवली. डबी चालू असली की गल्लीत लाईट आहे, डबी गप्प झाली की गेली, असे आपले यंत्र समजते आणि माणसे पाठवते. योजना उत्तम आहे. मात्र आपल्या वायरमनने डबीचा प्लग राउटरशेजारच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटमध्ये लावला, त्यावर लाल सील ठोकले, कॉफी घेतली आणि तो गेला. तेव्हापासून लाईट दुपारी दोनला जाते, सहाला येते, कधी येतही नाही, आणि डबी बॅटरीवर आरामात बसून आपल्याला सांगते की सगळे ठीक चालले आहे.

३. फोनवर तक्रार केली तर आपले यंत्र डबीला विचारते आणि तक्रार बंद करते. मी समक्ष आलो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की प्लग बदलायला वायरमन लागतो, वायरमनला तक्रार क्रमांक लागतो आणि क्रमांक मिळायला लाईट गेलेली असावी लागते. तेव्हा लाईट गेलेलीच होती, त्या स्वतः वहीने वारा घेत होत्या. सील आम्ही काढले तर त्या घराची वीज तोडण्यात येईल, असेही कळले. नसलेली वीज कशी तोडतात हे मी विचारले नाही, कारण मला अर्जावर शिक्का हवा होता.

४. पुढचेही लिहितो. मंडळाची सभा झाली आणि ठरले की लाईट गेली की योकास्ताची बॅटरीच बंद करायची, म्हणजे डबी गप्प होईल. ठराव माझ्याच अक्षरात आहे. ती म्हणाली, तेवढ्या वेळात फाटकाचे कुलूप सुटते, बाबांकडे कोण बघणार? मी म्हणालो, मी आहे ना! तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली.

दि. १६ जुलै रोजी दुपारी मी बॅटरी बंद केली. खरोखरच तक्रार नोंदली गेली, आपली माणसे आली आणि पाऊण तासात काम झाले. मी एलादिओंजवळ ओट्यावर बसलो होतो. "लाईट आली!" म्हणून सारी गल्ली ओरडली, मीही ओरडलो. आमच्याकडे लाईट आली की नळाला पाणी येते आणि जो तो आपली मोटर लावायला धावतो. मीही धावलो. टाकी भरायला लावून परत आलो तर ओटा रिकामा होता. बॅटरी चालू करायचीही मला शुद्ध नव्हती.

लाईट आली म्हटल्यावर त्यांनाही मोटर लावायची होती, साहेब, साऱ्या गावाची. हमरस्ता ओलांडून ते बंद पडलेल्या पंपघरापाशी पोचले होते. तीन तासांनी सापडले. अनवाणी, तळपाय सोललेले, दोन्ही हात गंजलेल्या चाकावर. मुलीला बघून विचारले, "पाणी चढलं का गं वर?" ती म्हणाली, "चढलं, बाबा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नार्सिसोकाका, तुमची टाकी भरली ना?" आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली.

त्यानंतर बॅटरी बंद झालेली नाही आणि आपली माणसेही आलेली नाहीत. एका घराच्या खेळण्यांपायी बावीस घरे उकाड्यात, असे आता लोक तिच्या तोंडावर बोलतात. गल्लीतल्या कारिदादबाई आपले इन्सुलिन दुकानातल्या बर्फात ठेवतात, त्यांचेही काही खोटे नाही. काल योकास्ताने मला सांगितले की सोमवारपासून दुपारी ती बॅटरी बंद ठेवील आणि बाबांच्या खोलीला बाहेरून कडी लावील. कडी आणलीसुद्धा होती, कागदात गुंडाळलेली. माझ्याकडे न बघता बोलत होती. माझा रात्रभर डोळा लागला नाही.

तरी सोमवारपूर्वी वायरमन पाठवावा, अशी विनंती करून हा अर्ज मी सकाळी इथेच संपवला होता. पण तो टाकायला निघालो आणि पाय आपल्या कार्यालयाकडे वळेचनात. चौथे उत्तरही मला पाठ होते. ती कामाला गेल्यावर मी कुंपणावरून तिच्या घरी गेलो, पक्कड घेतली, सील तोडले आणि प्लग शेजारच्या, थेट लाईनीवरच्या सॉकेटमध्ये लावला. एलादिओ मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "पक्का बसव. सैल राहिला की ठिणगी उडते." मी पक्का बसवला आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. दोन वीसला आपल्या यंत्राचा आपण होऊन मला फोन आला : आपल्या गल्लीत वीज नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. राउटर चालू आहे, फाटक बंद आहे, एलादिओ ओट्यावर बसून केळी सोलत आहेत.

गुन्हा दाखल करायचा तो माझ्यावर करावा, वीज तोडायची ती माझ्या घरची तोडावी. सील तोडले तेव्हा योकास्ता घरात नव्हती, तिला अजून माहीतही नाही. आपला वायरमन नवे सील लावायला येईल तेव्हा त्याने प्लगला हात लावू नये, एवढीच आता विनंती आहे. मी तिथेच बसलेला असेन.

आपला नम्र व कबुलीजबाब देणारा,
नार्सिसो तावेरास
सचिव, रहिवासी मंडळ, गल्ली क्रमांक चार
दि. २ ऑगस्ट

सोबत :
१) पूर्वीच्या तीन अर्जांच्या प्रती.
२) एलादिओ यांच्याबद्दल डॉक्टरांचा दाखला.
३) तुटलेले सील, एक.
४) दाराची कडी, नवी, कागदासह. ही मी तिला न विचारता उचलली आहे. कृपया परत पाठवू नये.