आरशातली सुई

प्रिय चिझुरू,

गळपट्टा मिळाला, गळ्यातच आहे. साकातात अजून गुडघाभर बर्फ आहे, पण आपलं कॉफी आणि रेकॉर्ड ऐकण्याचं दुकान रोज उघडतं. 'रेकॉर्ड चालू असताना बोलू नये' ही तुझ्या बाबांच्या हातची पाटी तशीच आहे. माणसं कॉफीसुद्धा चमच्याचा आवाज न करता ढवळतात.

गेल्या महिन्यात बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली. आपले रोजचे गिऱ्हाईक कुमागाई-सान म्हणाले, "वहिनी, मास्टर गेले, आता नवी कोण बसवणार? मुळ्याचं लोणचं विका!" सगळे हसले, तेही रेकॉर्ड संपल्यावर. ही मंडळी तुटली की दुकान बंद आणि मी तुझ्याकडे ओसाकाला, हे मला दिसत होतं. मग बाबांची मासिकं काढली, अडलेले शब्द कोशात पाहत वाचली. नवं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, आणलं. सुईचा भार काट्यावर तोलला. माझा पावडरीचा आरसा तबकडीवर ठेवून सुई त्यावर टेकवली. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत यावं लागतं.

बाबांची जुनी सुई मात्र कललेली होती. एवढा नेमका माणूस, आणि असं? मी तिला परत लावून त्यांच्या खुर्चीत बसले. ते बसायचे तशी मान वळवली, तर डावाच कान स्पीकरकडे आला; मग उजवा कान तळव्याने झाकून पाहिला. तेव्हा उलगडलं. सुई कलली की उजवीकडचा आवाज थोडा डावीकडे झिरपतो. त्यांचा उजवा कान गेला होता, चिझुरू. कुणाला कळू दिलं नाही. मलाही नाही.

मी नवी सुई सरळच ठेवली. कुमागाई-सान उखडले. "हा मास्टरचा आवाज नाही. तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा अग्नी दिलात." खरं सांगून मोकळी झाले असते. पण एवढंच म्हटलं, "नवी सुई आहे, रुळू द्या." ते आठवडाभर फिरकले नाहीत.

काल आले, बाबांच्या खुर्चीत बसले आणि रेकॉर्ड ऐन भरात असताना मोठ्याने ओरडले, "अरे, ढोलवाला उजवीकडे बसतो होय! इतकी वर्षं होता कुठे हा?" सगळ्यांनी पाटीकडे बोटं दाखवून त्यांना गप्प केलं. मी कपबश्या पुसत राहिले, पण मान ताठ झाली होती. हा आवाज माझ्या हातचा आहे.

तेव्हा माझ्यासाठी ठेवलेली खोली भाड्याने दे. मी येत नाही, तूच ये. आणि एक. त्या संध्याकाळी जेवताना तू हळूच विचारलंस, "ओसाकाला जाऊ ना, बाबा?" त्यांनी वरही पाहिलं नाही. तू तो राग समजलीस आणि गेलीस. तू त्यांच्या उजव्या हाताला बसली होतीस, पोरी. नंतर ते मला एवढंच म्हणाले होते, "न विचारताच गेली."

तुझीच,
आई