तिरका तळहात

प्रिय घुम्या,

पत्र बघून दचकू नकोस. आधी फोनच करणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी अर्धा तास बोलायचं आणि तू चार वेळा ‘हं’ म्हणायचं, आणि त्यातलं कुठलं ‘हं’ होकाराचं आणि कुठलं कंटाळ्याचं हे ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून लिहायला बसले. तुझ्या भावोजींनी अख्खी वहीच पुढ्यात ठेवली. बायकोला दोन पानं पुरत नाहीत हे त्यांना एव्हाना पाठ झालंय.

तुला घरी बसवून आज अकरा दिवस झाले. फिटरने खोक्यांच्या पट्ट्यातला बिघाड सुपरवायझरला, म्हणजे मला, कळवला नाही आणि त्यामुळे अपघात झाला, असा तुझ्यावर ठपका आहे. तुला ठेवायचं की काढायचं ते साहेब सोमवारी ठरवणार होते. मधल्या काळात तू एका शब्दाने तक्रार केली नाहीस, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तिने सांगितलं की तू घरातले सगळे नळ दुरुस्त केलेस, मग शेजाऱ्यांचे, आणि आता मुलीची सायकल रोज उघडतोस आणि रोज जोडतोस. ऐकून हसू आलं, आणि मग दिवसभर जेवण गेलं नाही.

आधी आपल्या पॅकिंगवरच्या चष्मिसची बातमी देते, कारण तू पहिलं तेच विचारशील. तिची दोन बोटं मोडली होती, ती नीट जुळतायत. महिनाभरात प्लॅस्टर निघेल. परवा मी भेटायला गेले तर बाईसाहेब डाव्या हाताने सही शिकत होत्या. तुझ्यावर तिचा राग नाही. खोकी अडकल्यावर पट्टा बंद न करता हात घातला, ही चूक ती स्वतःच कबूल करते. पण खोकी अडकली का, तर पट्टा तिरका चालत होता म्हणून. तिथेच गोष्ट येऊन थांबते.

नऊ वर्षांपूर्वी तू साबणाच्या या पॅकिंग हॉलमध्ये आलास, तेव्हा पहिला आठवडा मला वाटलं की हा माणूस शिष्ट आहे. गुड मॉर्निंग म्हटलं तर मान हलवायचा, जेवलास का विचारलं तरी मान हलवायचा. माझा तोंडाचा पट्टा सकाळी सातला सुरू होतो तो सुट्टीच्या भोंग्यालाच थांबतो, त्यामुळे तुझं हे मौन मला अपमानासारखं लागायचं. तुझं घुम्या हे नाव मी रागानेच ठेवलं होतं. पण त्या हॉलच्या आवाजात, कानात बोळे घातल्यावर, माझ्या बोलण्याचा तरी काय उपयोग होता? तिथे चालायच्या त्या हाताच्या खुणा. मूठ म्हणजे थांबव. दोन बोटं म्हणजे खोकी संपली. डोक्यावर हात म्हणजे साहेब निघालेत, कामाला लागा. तळहात तिरका धरला की पट्टा एका बाजूला सरकतोय. आणि अंगठा म्हणजे समजलं, आता माझ्याकडे सोपव. या खुणा तुला मीच शिकवल्या, आणि पंधरा दिवसांत तू माझ्यापेक्षा सफाईने बोलायला लागलास! हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला तू बोट नुसतं वाकवलंस तरी मला कळायचं की कुठला नट ढिला आहे. तोंडाने बोलताना लाजणारा हा माणूस हाताने असा बोलतो, याचं मला फार कौतुक वाटायचं. तुला कधी सांगितलं नाही. एवढं बोलते, आणि नेमकं तेच राहिलं.

अंगठ्याचा नियमही माझाच. ज्याने अंगठा दाखवला, काम त्याचं. निरोप देणारा मोकळा. नऊ वर्षांत हा नियम कुणी मोडला नाही.

आता त्या मंगळवारचं. मुख्य कार्यालयाने हुकूम काढला होता की प्रत्येक विभागात ‘संस्थेतील संवादाचे प्रकार’ या विषयावर वर्ग घ्या. आमच्या विभागात बोलायला माझ्याशिवाय कोण? हॉलशेजारच्या काचेच्या खोलीत वीस जण बसवले. मी फळ्यावर बाण काढले. वरून खाली येतो तो हुकूम, खालून वर जाते ती तक्रार किंवा विनंती, आडवी जाते ती एका खात्याची दुसऱ्या खात्याला माहिती. लेखी संवाद, तोंडी संवाद. मग चौथा बाण असा वेडावाकडा काढला आणि म्हटलं, हा छापील तक्त्यात नाही, हा चहाच्या यंत्रापाशी सुरू होतो आणि साहेबांच्या आधी सगळीकडे पोचतो. हशा पिकला. मागे बसलेले मुख्य कार्यालयातले पाहुणेही हसले. घुम्या, मी त्या दिवशी हवेत होते. आणि त्याच वेळी तू काचेपलीकडे येऊन उभा राहिलास.

तू तळहात तिरका धरलास. मग तीन बोटं दाखवलीस, म्हणजे तीन नंबरचा पट्टा. मी पाहिलं. नीट पाहिलं. हातात खडू तसाच होता, त्याच हाताने मी तुला अंगठा दाखवला. तू मान हलवलीस आणि बॉयलरकडे गेलास, कारण आता ते काम माझं होतं. मी वळले आणि पुन्हा बाण काढायला लागले. पाहुण्यांचा एक प्रश्न आला, त्याचं उत्तर लांबलं, टाळ्या झाल्या. तीन नंबर माझ्या डोक्यातून साफ गेला. वीस मिनिटांनी चष्मिसची किंकाळी ऐकू आली, त्या सगळ्या आवाजातून.

चौकशीच्या कागदावर एकच प्रश्न होता: सूचना तोंडी दिली की लेखी? तू दोन्हींवर काट मारलीस. तुझ्यासारख्या सरळ माणसाने दुसरं काय केलं असतं? तू तोंडाने बोलला नव्हतास आणि कागद लिहिला नव्हतास. तोच कागद माझ्याकडे आला. सूचना मिळाली का, तोंडी की लेखी? मीही दोन्हींवर काट मारली. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि तरी मी खोटं बोलले. सव्वीस वर्षांची नोकरी, बढतीची यादी, पाहुण्यांच्या टाळ्या, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, तेही नको तिथे. तू मात्र माझं नाव घेतलं नाहीस. साहेबांनी तुला तीनदा विचारलं म्हणे, आणि तू तीनदा खाली बघितलंस. मला लाज वाटते, घुम्या. सरळ सांगते, फार लाज वाटते.

आता हे पत्र का, ते सांगते. आज सकाळी दहाला मी साहेबांच्या टेबलावर नवा जबाब ठेवला. त्यात वरचं सगळं आहे, अंगठ्यासकट. दोन रकान्यांखाली मी हाताने तिसरा रकाना आखला, ‘खुणेने’, आणि त्यावर बरोबरची खूण केली. मग शिफ्ट बदलताना पट्टे बंद करवले आणि तोच जबाब हॉलमध्ये मोठ्याने वाचला. साहेबांनी तुझं नाव निर्दोष धरलंय, सोमवारी सातला तू कामावर हवास. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. सुपरवायझरकी गेली तर खोकी भरेन, हात अजून चालतात. ही बातमी चहाच्या यंत्रापाशी केव्हाच पोचली असेल, आणि तिथून ती तुझ्या दारात यायच्या आत माझ्या हातची तुला मिळावी, म्हणून तुझ्या भावोजींना हे पत्र घेऊन आत्ताच पाठवतेय. चूक झाली, माफ कर, हे लिहून झालंच. पण हॉलमध्ये ते सांगायला आपल्याकडे खूणच नाही, नऊ वर्षांत कुणाला तिची गरजच पडली नाही. म्हणून सोमवारी मी काचेच्या दाराशी नुसती उभी राहीन, एक शब्दही न बोलता. तुला पटलं, तर लांबूनच अंगठा दाखव.

तुझीच,
बडबडी ताई