गुरुवारचं दूध

७ नोव्हेंबर, गुरुवार
आणखी काय पाहाचं राहिलं! सहावा महिना लागला अन् सूनबाई छतावर पाय पसरून बसून राहिली—उन्हात! कावून? तर डॉक्टरीण म्हणे, "विटामिन डी बहुत कम है, बच्चा छोटा रह जाएगा." दर गुरुवारी एक पुडी दुधात. आठ गुरुवार.

छोटं राहिलं तर वाईट काय? मोठं लेकरू अडते, मग पोट फाडतात. माझ्या पोराच्या, मोनूच्या वेळी मी मरता मरता वाचली—एवढा धोंडा होता! आमच्या वस्तीतल्या बाया सातव्यापासून हात आखडूनच जेवत. पण यायले सांगन कोण!

"दुधाचं मी पाहीन," म्हटलं. पुडी मोरीत झाडली, दूध दिलं. दामिनी म्हणे, "आई, किती करता माझ्यासाठी!"
लाडीगोडी! गिलास तरी विसळायचा.

२१ नोव्हेंबर
छताले कुलूप लावलं. ही काळी पडन अन् लेकरूही काळं काढन! रात्रीची एक पोळी कमी केली. रडली. म्हटलं, "रड. तेवढीच हलकी होशील."

५ डिसेंबर
आजही प्याली. गटागटा.

१८ फेब्रुवारी
झाली. पोरगी. बिना ऑपरेशन! एक किलो आठशे. काचेच्या पेटीत ठेवली, मांजरीच्या पिल्लावानी.

डॉक्टरणीनं दामिनीलेच झापलं—"दवाई ली थी कि नहीं?" ही म्हणे, "हर गुरुवार, मॅडम. आई खुद मिलाके देती थीं." मोनू सगळ्यायसमोर बायकोले म्हणे, "तेरे अंदर ही कमी है."

मी कावून बोलू? पोटाले टाका नाही लागला, तो कोणामुळे?

२ मार्च
दामिनी पोरीले घेऊन माहेरी. मोनू पाहायलेही गेला नाही. म्हणे, "जिनं पोटात लेकरू वाढवलं नाही, तिचं तोंड काय पाहू!" डॉक्टरणीनं दामिनीचं रक्त परत घेतलं म्हणे. घेऊ दे.

६ मार्च
दामिनीचा फोन. रडणं नाही, काही नाही.
"आई, रिपोर्ट आला. विटामिन पहिल्यापेक्षाही कमी. डॉक्टर म्हणाल्या, पुडी पोटात गेलीच नाही. मोनूला तुम्ही सांगता, की पोरगी त्याच्या मांडीवर ठेवून मी सांगू? इतवारपर्यंत बोला."